अचलपूरवर राज्य केलेले आणि अचलपुरात राहिलेले

बाजाराच्या दिवशी अचलपूरशेजारच्या परतवाड्यात भारतातल्या तीन मोठ्या भाषाकुळांचं बोलणं एकाच रस्त्यावर ऐकू येतं. मेळघाटातून उतरलेली मंडळी आपसांत कोरकू बोलतात. बैतुलकडून आलेल्या एखाद्या गोंड कुटुंबात गोंडी चाललेली असते. दुकानदार आणि गिऱ्हाईक वऱ्हाडीत भाव करतात. सागवानाच्या व्यापाऱ्यांची हिंदी आणि अचलपूरच्या मोहल्ल्यांतली दखनी वळणाची उर्दू यांत मिसळते. कोरकू ही मुंडा शाखेची, म्हणजे ऑस्ट्रोआशियाई कुळातली भाषा. गोंडी द्राविडी कुळातली. वऱ्हाडी, हिंदी आणि उर्दू इंडो-आर्यन कुळातल्या. इथून पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास, निहाली नावाची आणखी एक भाषा आहे. ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक उरले आहेत आणि ती जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही.

एवढी विविधता एका तालुक्याच्या परिघात आली कुठून? याचं तयार उत्तर बहुतेकांकडे असतं. अचलपूर हे राजधानीचं गाव. इथे सातशे वर्षांत दिल्लीच्या, बिदरच्या, अहमदनगरच्या, औरंगाबादच्या, नागपूरच्या आणि शेवटी इंग्रजांच्या फौजा आल्या. जो आला तो आपलं रक्त इथे ठेवून गेला, आणि त्यातून आजचा वऱ्हाडी माणूस घडला. ऐकायला हे पटतं. पण गेल्या पंचवीस वर्षांत जनुकशास्त्राने जे दाखवलं आहे त्यापुढे हे उत्तर टिकत नाही. राज्य करणं ही एक गोष्ट आणि वंश घडवणं ही दुसरी. अचलपूरवर ज्यांनी राज्य केलं ते आपल्या पूर्वजांत फार थोडे आहेत. आपले खरे पूर्वज बहुतेक असे आहेत, ज्यांच्या नावाने एकही दरवाजा, एकही किल्ला उभा नाही.

व्हायकिंगांचं उदाहरण

हा फरक जगात सर्वांत नेमका मोजला गेला तो युरोपात, व्हायकिंगांच्या बाबतीत. इ.स. ७९३ मध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला. ८६५ मध्ये त्यांची मोठी फौजच उतरली आणि काही वर्षांत पूर्व आणि उत्तर इंग्लंडचा मोठा पट्टा डॅनिश सत्तेखाली गेला. १०१६ मध्ये तर डेन्मार्कचा कनूट इंग्लंडच्या गादीवर बसला. व्हिटबी, डर्बी, ग्रिम्सबी ही गावांची नावं त्या काळाची साक्ष देत आजही उभी आहेत. साहजिकच इंग्रज माणूस बऱ्याच अंशी व्हायकिंगांचा वंशज असणार, अशी समजूत रुजली.

२०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ब्रिटनच्या लोकसंख्येचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागातल्या २,०३९ जणांचे नमुने त्यात तपासले होते. निवडताना अट अशी ठेवली होती की, त्या माणसाचे चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले हवेत. म्हणजे रेल्वे आणि कारखान्यांनी माणसं इकडची तिकडे करण्यापूर्वीचा नकाशा हाती यावा. त्या नकाशात डॅनिश राजवटीच्या पट्ट्यात व्हायकिंगांचा ठळक, वेगळा ठसा सापडलाच नाही. डेन आणि त्यांच्या आधी आलेले अँग्लो-सॅक्सन हे शेजारच्याच प्रदेशांतून आलेले असल्यामुळे दोघांना वेगळं काढणं अवघड आहे, हे खरं. तरीही ज्यांनी गावांना नावं दिली आणि गादी बळकावली, त्यांचा वंशातला वाटा त्यांच्या दरार्‍याच्या मानाने लहान निघाला.

त्याउलट व्हायकिंगांच्या आधी, पाचव्या शतकापासून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी मोठा फरक केला. २०२२ मध्ये जुन्या दफनभूमींतल्या सांगाड्यांच्या अभ्यासातून दिसलं की, त्या काळातल्या पूर्व इंग्लंडमधल्या लोकांचा तब्बल ७६ टक्क्यांपर्यंतचा वंश समुद्रापलीकडून आलेला होता. कारण ते बायकामुलांसह आले, पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले आणि जमीन कसून राहिले.

व्हायकिंगांनीही जिथे वस्ती केली तिथे खोल ठसा उमटला. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर आजच्या रहिवाशांचा सुमारे पाव हिस्सा वंश नॉर्वेतून आलेला आहे. आइसलँड तर जवळजवळ निर्मनुष्य होतं. इ.स. ८७० नंतरच्या साठेक वर्षांत तिथे वस्ती झाली. आइसलँडच्या लोकांच्या बापाकडच्या वंशरेषांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्कँडिनेव्हियन आहेत, आणि आईकडच्या वंशरेषांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६२ टक्के, आयर्लंड-स्कॉटलंडच्या. पुरुष नॉर्वेकडून निघाले. वाटेतल्या बेटांवरच्या स्त्रिया, काही लग्नाने आणि कित्येक गुलाम म्हणून, त्यांच्यासोबत गेल्या. एका देशाचे बाप एका मुलखातले आणि आया दुसऱ्या मुलखातल्या. आइसलँडची ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण तिचं भावंड आपल्या मेळघाटात आहे.

अचलपूरच्या गादीवर कोण कोण बसलं

आधी राज्यकर्त्यांचा हिशेब करू. इ.स. ६३१ चा, तिवरखेड इथे सापडलेला नन्नराज राष्ट्रकूटाचा ताम्रपट ‘अचलपुरा’तून दिलेला आहे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी हे राजधानीचं ठिकाण होतं. लोकांच्या आठवणीत इल राजा आहे, दुल्हा रहमान गाझी आहे. त्यांच्या कथा इतिहासाच्या कसोटीवर पुरत्या उतरत नसल्या तरी गाझीच्या दर्ग्यावरची गर्दी आजही ओसरलेली नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी सातपुडा उतरून अचलपूरवरून देवगिरीवर गेला. देवगिरीच्या रामदेवरायाने तहात जे कबूल केलं त्यात अचलपूर प्रांताचं उत्पन्नही होतं. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि वऱ्हाड त्याचा एक सुभा झाला. अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधून काढला.

१४९० मध्ये बहमनी सत्ता मोडू लागली तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. हा फतहुल्लाह कुठला? इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवलं आहे की तो विजयनगरच्या मुलखातल्या एका हिंदू कुटुंबातला मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या हाताखाली वाढला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड आजही दिसतो. हे चिन्ह कर्नाटकाकडच्या राजवटींना प्रिय होतं. ज्याला आपण ‘बाहेरची सुलतानशाही’ म्हणतो तिचा संस्थापक रक्ताने दख्खनचाच होता. अहमदनगरच्या निजामशाहीची गोष्टही अशीच. तिच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळ ब्राह्मण कुटुंबातला, आणि त्या घराण्याचा संबंध परभणी जिल्ह्यातल्या पाथरीशी होता.

१५७४ मध्ये अहमदनगरने इमादशाही बुडवली. १५९६ मध्ये चांदबिबीच्या काळातल्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम-उल-मुल्क दख्खनचा स्वतंत्र धनी झाला, आणि पुढे निजाम व नागपूरकर भोसले दोघेही वऱ्हाडचा वसूल घेऊ लागले. या दुहेरी अंमलात अचलपूरला पन्नी पठाणांचं नवाबी घराणं नांदलं. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज आणि भोसले यांच्यात आडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. गडावर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत होता आणि तो लढता लढता पडला. वर चढणाऱ्या फौजेत स्कॉटिश पलटण होती, तसे मद्रासकडचे देशी शिपाईही होते. पुढे निजामाच्या खर्चाने उभ्या राहिलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी अचलपूरशेजारी पडली. परतवाडा वाढला तो या छावणीभोवती. १८५३ मध्ये याच कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला.

मग रक्त किती बदललं?

अचलपूरवर इतके हात फिरले, तरी शेतात राबणाऱ्या माणसाचा वंश त्या प्रमाणात का बदलला नाही? पहिलं कारण संख्येचं. समजा, एखाद्या प्रांतात दहा लाख माणसं आहेत. बाहेरून दहा हजार शिपाई आले, सगळे कायमचे राहिले आणि सगळ्यांनी इथल्याच घरांत लग्नं केली. तरी पुढच्या पिढ्यांच्या एकूण वंशात त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच राहील. प्रत्यक्षात एवढे राहतही नसत. मोहीम संपली की फौज परतायची, सुभेदार बदलला की त्याचा लवाजमाही बदलायचा.

दुसरं कारण फतहुल्लाहच्या चरित्रातच आहे. दख्खनच्या फौजांत परदेशी थोडे आणि देशी फार. सुलतानांकडे मराठे सरदार होते, मोगलांकडे रजपूत, इंग्रजांकडे तेलंगी आणि तमिळ शिपाई. त्यामुळे ‘आक्रमक’ म्हणून जी फौज येई तिच्यातल्या बहुतेकांचे पूर्वज याच उपखंडातले असत.

तिसरं, आपल्याकडच्या मुस्लिम समाजांचे जनुकीय अभ्यासही हेच सांगतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांतले मुस्लिम समाज तपासले गेले. पश्चिम आशियाचे आणि आफ्रिकेचे काही धागे त्यांत सापडले, पण ते थोडे. मुख्य वंश शेजारच्या बिगरमुस्लिम समाजांशी जुळणारा निघाला. काही घराणी पठाणी, तुर्की, इराणी वंशावळी सांगतात आणि त्यातल्या कित्येकांच्या त्या खऱ्याही असतील. पण समाज म्हणून पाहिलं तर अचलपूरच्या मोहल्ल्यातला माणूस आणि शेजारच्या खेड्यातला शेतकरी यांच्या पूर्वजांची यादी बहुतेक एकच आहे.

इथे एक साधं गणित करून पाहण्यासारखं आहे. प्रत्येकाला दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असं मागे जात वीस पिढ्या, म्हणजे सुमारे पाचशे वर्षं, इमादशाहीच्या काळात पोहोचलो की पूर्वजांच्या जागा दहा लाखांवर जातात. एवढी वेगवेगळी माणसं त्या काळी एका भागातून येणं शक्य नाही, म्हणून तीच माणसं पुन्हा पुन्हा त्या जागांवर येतात. गावोगावची आजची माणसं त्या मोजक्या पूर्वजांना वाटून घेतात. त्यामुळे ‘आमचं मूळ अमुक एका वीरपुरुषात’ असं म्हणणारा माणूस दहा लाख जागांपैकी एका जागेबद्दल बोलत असतो.

फौजांनी मागे ठेवलं ते भाषेत, कारभारात, इमारतींत. जमीन, पिकपाणी, वसूल, तक्रार यांचे कितीतरी शब्द आपल्याला फारसीने दिले. हौज कटोरा, गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला हा त्यांचा वारसा आहे आणि तो मोठा आहे. पण संस्कृती शेजाऱ्याकडून घेता येते, वंश मात्र लग्नानेच येतो.

मेळघाटातलं आइसलँड

वंश खरोखर बदलून टाकणाऱ्या घडामोडी पाहायच्या तर सनावळी सोडून फार मागे जायला हवं, आणि सुरुवात मेळघाटापासून करायला हवी.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा सांगितली. धारणी, चिखलदरा आणि सातपुड्यापलीकडचे बैतुल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा हा त्यांचा मुलूख. मुंडा भाषांमध्ये कोरकू ही सर्वांत पश्चिमेची. तिच्या बहिणी, संथाळी, मुंडारी आणि हो, झारखंड-ओडिशात शेकडो किलोमीटर दूर आहेत. त्यांहून लांबची नाती मेघालयातल्या खासीशी आहेत, आणि त्याहीपुढे कंबोडियातल्या ख्मेर आणि व्हिएतनामी भाषांशी. धारणीतल्या कोरकू मुलीची भाषा मेकाँग नदीकाठच्या भाषांशी कुळाचं नातं सांगते. ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ती तिथून इथे आली कशी, हे जनुकांनी सांगितलं.

माणसाच्या पेशीतल्या जनुकीय साहित्याचे दोन भाग वंशाच्या शोधात विशेष उपयोगी पडतात. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून मुलांकडे जातो. म्हणजे एकाने बापाच्या बापाच्या बापाची रेषा कळते आणि दुसऱ्याने आईच्या आईच्या आईची. बाकीचा सगळा डीएनए आईबापांकडून निम्मा-निम्मा येतो आणि पत्ते पिसावेत तसा दर पिढीत मिसळतो. दोन वेगळे समाज नुकतेच मिसळले असतील तर प्रत्येकाच्या वारशाचे तुकडे लांब असतात. जितक्या पिढ्या जातील तितके ते आखूड होतात. तुकड्यांची लांबी मोजून मिसळण कधी झाली याचा अंदाज बांधता येतो.

मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत बापाच्या रेषांपैकी निम्म्याहून अधिक रेषा आग्नेय आशियात सापडणाऱ्या एका गटाच्या निघाल्या. आईच्या रेषा मात्र जवळजवळ सगळ्या भारतीय, आणि त्याही फार प्राचीन. एकूण वंशात आग्नेय आशियाचा वाटा साधारण एक-चतुर्थांश. ही मिसळण ढोबळमानाने चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीची. याचा अर्थ असा की, आग्नेय आशियाकडून प्रामुख्याने पुरुषांच्या लहान टोळ्या आल्या, त्यांनी पूर्व भारतातल्या स्थानिक समाजांत लग्नं केली, आणि त्यांच्या मुलांनी भाषा बापाची घेतली. त्यांच्या वंशजांतला एक फाटा सरकत सरकत सातपुड्यापर्यंत आला. तोच कोरकूंचा. आइसलँडमध्ये जे हजार-अकराशे वर्षांपूर्वी घडलं, त्याच घडणीची गोष्ट भारतात त्याच्या कितीतरी आधी घडली होती.

या माहितीचा उलटा अर्थ काढणारे निघतील, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. कोरकू ‘बाहेरचे’ आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या वंशाचा मोठा भाग या भूमीवर हजारो पिढ्या राहिलेल्या लोकांचा आहे, आणि भारतातल्या बहुतेक समाजांपेक्षा त्यांच्यात तो अधिक प्रमाणात टिकून आहे. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. त्यानंतरच्या काळात गावं उठवण्याचे प्रश्न उभे राहिले. जंगलावरच्या हक्काची चर्चा होते तेव्हा वंशशास्त्र कोरकूंच्या विरोधात वापरता येत नाही. त्या न्यायाने वऱ्हाडात कुणालाच हक्क उरणार नाही, कारण आलेले सगळेच आहेत.

मैदानातल्या वऱ्हाडाची घडण

सातपुड्याच्या पायथ्याशी, मोर्शीच्या उत्तरेला बैतुल जिल्ह्यातल्या धारूळ परिसरात २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींना चित्रांनी भरलेल्या शैलाश्रयांची रांग सापडली. शिकार करून जगणाऱ्या माणसांनी या डोंगरांत किती जुना संसार केला, हे त्या भिंतींवर दिसतं. ते भारतातल्या सर्वांत जुन्या वंशप्रवाहातले. आज प्रत्येक भारतीयाच्या अंगात त्यांचा कमी-अधिक हिस्सा आहे.

दुसरा प्रवाह इराणच्या पठाराशी दूरचं नातं असणाऱ्या लोकांचा. सिंधू संस्कृती घडवणाऱ्यांत तो मोठ्या प्रमाणात होता. २०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढी इथल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून डीएनए वाचला गेला. या उत्खननाचं नेतृत्व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी केलं होतं. त्या स्त्रीच्या वंशात हे दोन प्रवाह मिसळलेले दिसले. तिसरा प्रवाह, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा, तिच्यात नव्हता. तो इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान उपखंडात आला, आणि आईच्या रेषांपेक्षा बापाच्या रेषांत अधिक दिसतो. इंडो-आर्यन भाषा याच प्रवाहासोबत पसरल्या, असं बहुतेक संशोधक मानतात.

वऱ्हाडाच्या काळ्या मातीत शेतकरी वसल्याचा पुरावाही त्याच सुमाराच्या पुढचा आहे. अचलपूरला लागून असलेल्या चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९८४-८५ मध्ये उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली. पुढे नागपूरजवळ माहुरझरी, नायकुंड इथे लोखंड वापरणाऱ्या लोकांची शिळावर्तुळं दिसतात. या लोकांनी शिलालेख लिहिले नाहीत, पण जमीन नांगरली, गुरं पाळली, लेकरं वाढवली. आजच्या वऱ्हाडी माणसाचे खरे पूर्वज शोधायचे तर गाविलगडापेक्षा तुळजापूर गढीकडे बोट दाखवावं लागेल.

राजसत्तेने वस्ती घडवल्याचं एक उदाहरण मात्र अचलपूरच्या दारातच आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने भोजकट राज्यातलं, मधुनदीकाठचं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं. तो ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक इथे सापडला. अशा दानांनी कुटुंबंच्या कुटुंबं नव्या जागी वसली. इथे राजाने फौज धाडली नाही, जमीन दिली. म्हणून माणसं राहिली आणि त्यांचा वंश राहिला.

महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मिलनाचा प्रदेश आहे, हे इरावती कर्वे यांनी जनुकशास्त्राच्या आधी, नातेसंबंधांच्या अभ्यासातून मांडलं. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध. दक्षिणेत ते इष्ट. आणि आपल्याकडे भाषा उत्तरेची असूनही अनेक समाजांत मामेबहीण हक्काची वधू. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथात ही सीमारेषा स्पष्ट दिसते. आपण आर्यभाषा बोलतो आणि सोयरीक बऱ्याच ठिकाणी द्राविडी रीतीने करतो. भाषा, चालीरीती आणि रक्त वेगवेगळ्या वाटांनी आले आणि या मातीत एकत्र नांदले, हे त्यातून कळतं.

दारं बंद कधी झाली

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत २५ समाजांतल्या १३२ जणांचे नमुने तपासले. भारतातला जवळजवळ प्रत्येक समाज मिश्र आहे, असा निष्कर्ष निघाला. २०१३ मध्ये याच गटाने ७३ समाजांतल्या ५७१ जणांवरून मिसळणीचा काळ काढला. ती ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान झाली होती. तिच्यापासून कुणीही सुटलेलं नाही, भिल्लांसारखे एकाकी मानले जाणारे समाजही नाहीत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं या देशात लोक मुक्तपणे एकमेकांत लग्नं करत होते. मग ते थांबलं. जातीच्या आत लग्न करण्याचा नियम पक्का झाला आणि मिसळणीची दारं बंद झाली.

इतिहासाची ही बाजू शाळेत शिकवली जात नाही, आणि ती शिकवली पाहिजे. अल्लाउद्दीन खलजी सातपुडा उतरण्याच्या कित्येक शतकं आधी आपला वंश घडून तयार होता आणि कप्प्यांत विभागलेलाही होता. आपल्या समाजरचनेवर सर्वांत खोल घाव कुठल्या बाहेरच्या फौजेने घातलेला नाही. तो आपणच आपल्या लग्नाच्या नियमांनी घातला. ‘शुद्ध रक्त’ ही गोष्ट इथे कुणाकडेच नाही. ब्राह्मण, मराठा, कुणबी, माळी, महार, गोंड, कोरकू, मुसलमान या सगळ्यांच्या मुळाशी तेच दोन-तीन प्रवाह आहेत, फक्त प्रमाण वेगळं.

आज याचा उपयोग काय

बंद दारांची किंमत आपण आजही आरोग्याने मोजतो. लहान वर्तुळात शतकानुशतकं लग्नं होत राहिली की एकच सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजांच्या अभ्यासात ८१ समाज असे निघाले की, ज्यांच्यात थोड्या मूळपुरुषांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. फिनलंडमध्ये अशा आनुवंशिक आजारांची यादी करून तपासण्या होतात. आपल्याकडे बहुतेक समाजांना स्वतःच्या आजारांची नावंही माहीत नाहीत.

विदर्भाला यातला एक आजार चांगला परिचयाचा आहे: सिकलसेल. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं, कारण एकाच पालकाकडून ते मिळालेल्या माणसाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं. दोन्ही पालकांकडून मिळालं की मात्र तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्त कमी होतं, वेदनेचे झटके येतात, आयुष्य घटतं. मेळघाटातल्या आदिवासींत तो आहे आणि मैदानातल्या अनेक बिगरआदिवासी समाजांतही आहे. आईवडील दोघे वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. प्राथमिक तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ती करून मिळते.

पूर्वजांचा अभ्यास अभिमानासाठी करायचा की मुलाबाळांसाठी, हे आपण ठरवायचं आहे. अभिमानासाठी केला तर हाती काही लागत नाही, कारण ज्या राजाचं नाव आपण सांगतो तो आपल्या पूर्वजांच्या गर्दीत सापडण्याची शक्यता फार कमी असते. मुलांसाठी केला तर बरंच काही हाती लागतं. म्हणून वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला विनंती आहे: सोयरीक जुळवताना पत्रिका, गोत्र, देवक पाहायचं ते पाहा, पण मुलगा आणि मुलगी दोघांची सिकलसेल तपासणी आधी करून घ्या. आणि नातं आपल्या वर्तुळाबाहेर जुळत असेल, तर त्याला आडवे येऊ नका. दोन हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज असंच करत होते.